दगडाखालचं गवत

बजरंगने मोबाइल चुलीपुढे आपटला, तरी त्यातलं गाणं चालूच राहिलं. पाच-सहा बायकांचे आवाज, मागे खुरप्यांची खसखस, आणि सगळ्यांच्या वर सुलाबाईचा जाडसर गळा. सुलाबाई म्हणजे चुलीपाशी बसलेल्या त्याच्या बायकोची, धुरपताबाईची, थोरली जाऊ. तिच्या रानात खुरपणाऱ्या कुणीतरी ते मोबाइलवर उतरवून गावच्या ग्रुपवर टाकलं होतं.

हरळी पांढरी फटक गं, दगडाखालून निघाली
जलमाची मिटली पापणी, बाई उन्हात उघडली
मुंगी अंडं घेऊन पळं, गोम आंधळी पळाली
छप्पर उडालं घराचं, त्यांची रात कुठं गेली

"हे तुझंच हाय ना?" बजरंगने विचारलं.

तिचंच होतं. आपलं गाणं मोबाइलात गेलं म्हणून तिला घडीभर बरंही वाटलं. तोवर बजरंगने तिचे केस मुठीत धरले होते.

"कुठला दगड?"

"धुऱ्याचा. दोन्ही रानांच्या हद्दीवर, बाभळीपाशी व्हता ना, तो." मान वाकडी झाली होती, तरी ती नीट सांगायचा प्रयत्न करत होती. "आता तिथं न्हाई. जरा हिकडं आलाय."

"हिकडं म्हंजे कुणीकडं?"

"आपल्या अंगाला," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिला तेव्हा कळलं.

त्याने दोन लाथा घातल्या. सगळं गाव हॉटेलात बसून हे ऐकतंय, हसतंय, दगड सरकलेला साऱ्या बायांना ठाऊक आणि घरधन्यालाच पत्ता नाही, असं तो बरंच काही बोलला. शेवटी म्हणाला, "गाण्यात सांगती. नवऱ्याला सांगायला तोंड शिवलं व्हतं का?"

तोंड शिवलं नव्हतं. दगडावरून जमीन मोजतात हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं, एवढाच तिचा गुन्हा. पेडगावच्या पंचक्रोशीत खुरपायला जाणाऱ्या बायका ओळीने पात धरली की गाणं धरतात. कुणी रामाचं म्हणतं, कुणी माहेराचं. धुरपताबाईची गाणी मात्र भलत्याच गोष्टींची असायची. मोरीच्या दगडावरचं शेवाळ, बोअरच्या गळक्या पाइपाखाली बसलेला बेडूक, म्हशीच्या गोठ्यात शेणाची गोळी ढकलणारा किडा. बायका आधी हसायच्या, आणि मग दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या रानात तेच गाणं म्हणायच्या. एका रानातलं गाणं असं साऱ्या शिवारात फिरायचं. बायका हसल्या की सुलाबाई त्यांना गप्प करायची. ती म्हणायची, आमच्या धुरपतीला दिसतं ते देवालाबी दिसत न्हाई. दोघी जावांत एवढी माया आणि दोघा भावांत तेवढंच वैर, असा तो सगळा मामला होता.

त्या दिवशी ती धुऱ्यावर म्हशीसाठी गवत कापत होती. बाभळीजवळ दगडाची जागा उघडी पडलेली दिसली. तिथली हरळी कापसाच्या वातीसारखी पांढरी होती आणि मुंग्या अंडी उचलून सैरावैरा पळत होत्या. विळा खाली ठेवून ती कितीतरी वेळ बसून राहिली. आता यात बाईने दोन हात जमीन कुठून पाहावी? दोन हात जमिनीत सोयाबीन येऊन येऊन येणार तरी किती? पण त्यासाठी थोरल्या भावाने चोरासारखा दगड सरकवला, आणि त्यासाठी धाकट्याने आता दारामागची कुऱ्हाड काढली.

"चल. दाव मला," असं म्हणून त्याने तिला दंडाला धरून ओढत नेलं.

धुऱ्याच्या पलीकडे बजरंगचे थोरले भाऊ किशनराव आणि त्यांचा मुलगा महारुद्र कुंपणासाठी खड्डे घेत होते. महारुद्रच्या हातात पहार होती. थोड्या अंतरावर बायकांची पात लागली होती आणि तिच्यात सुलाबाईही होती. बजरंगला कुऱ्हाडीसह येताना पाहून बायका एकेक करून उभ्या राहिल्या.

धुरपताबाईने पदर नाकापर्यंत ओढला. किशनराव तिचे भासरे, थोरले दीर. लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्यासमोर एक शब्द बोलली नव्हती. त्यांना पाणी द्यायचं झालं तरी तांब्या उंबऱ्यावर ठेवून ती बाजूला व्हायची. तिच्या पिढीतल्या सुनांची ती रीत होती आणि तिला तिचं काही वाटतही नव्हतं.

बजरंगने तिला बाभळीपाशी ढकललं. "कुठं हाय पांढरं गवत?"

तिने खाली पाहिलं. मध्ये चांगली उघडीप पडली होती. पांढऱ्या हरळीने ऊन खाल्लं होतं, आणि आता ती बाकीच्या धुऱ्याइतकीच हिरवी झाली होती. मुंग्याही कुठे गेल्या होत्या कोण जाणे. तिने बोटाने जागा दाखवली. तिथे हिरव्यात हिरवं होतं, दुसरं काही नव्हतं.

किशनराव हसले. त्यांच्या हसण्यात घाबरल्याची खूण होती, पण ती बजरंगला दिसली नाही.

"आबाच्या वक्तापासून दगड हितंच हाय," ते म्हणाले. "बाईचं गाणं म्हंजे काय सातबारा हाय व्हय रे?"

महारुद्र मोठ्याने हसला. दोघीतिघी बायकाही तोंडाला पदर लावून हसल्या. बजरंग एकदा गवताकडे आणि एकदा भावाकडे पाहत राहिला. मग तो वळला आणि त्याने धुरपताबाईच्या कानफटात अशी मारली की ती गुडघ्यावर आली. पदर डोक्यावरून घसरला आणि कानात घूं घूं सुरू झालं.

तेव्हाच ती पदर सावरून घरी गेली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं. बजरंग पिऊन आला असता, तिला आणखी मार बसला असता, आणि आठ दिवसांनी दोन्ही घरं आपापल्या कामाला लागली असती. मार तिला नवा नव्हता. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं ठरणं मात्र नवं होतं, आणि ते तिला सोसवलं नाही.

"दगड उचला," ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण पातीतल्या बायकांपर्यंत गेला. भासऱ्यांसमोर उघड्या डोक्याने बोलणाऱ्या धुरपताबाईकडे सगळे बघत राहिले.

"दगडाखाली सोयाबीन हाय. आवंदा पेरलेलं. त्या दिशी एक पान बाहेर डोकवायलं व्हतं," ती म्हणाली. "आबाच्या वक्ताचा दगड आसंल तर त्याच्याखाली आवंदाचं सोयाबीन कसं?"

किशनरावांचं हसणं थांबलं. बजरंगने कुऱ्हाड काखेत धरली, दगडाच्या कडेत बोटं घातली आणि तो उलथवला.

खाली सोयाबीनची दोन रोपं होती. पिवळी पडलेली, मातीत दाबलेली. पण मेली नव्हती. दोघांनीही माना लांबवून दगडाच्या एकाच कडेकडे वळवल्या होत्या. तिकडून बोटभर फटीतून उजेड येत असणार. धुरपताबाई त्यांच्याकडे बघत राहिली. एवढ्या ओझ्याखाली यांना उजेड कुठल्या अंगाला आहे ते कसं कळलं असेल, असं तिच्या मनात आलं. लाज वाटावी अशी गोष्ट आहे, पण त्या क्षणीही तिच्या मनात एक ओळ जुळत होती.

त्यामुळे पहिला घाव तिने पाहिला नाही. ओलं लाकूड तोडल्यासारखा आवाज तेवढा ऐकला. वर पाहिलं तेव्हा किशनराव मान धरून बसले होते आणि त्यांच्या बोटांमधून रक्त वाहत होतं. बजरंगने कुऱ्हाड पुन्हा उचलली होती. महारुद्रची पहार त्याच्या गुडघ्यावर बसली, मग पाठीवर, मग पुन्हा गुडघ्यावर. धुरपताबाई नवऱ्याच्या अंगावर पडली. तिच्या खांद्याचं हाड मोडलं, ते तिला दुसऱ्या दिवशी कळलं. सुलाबाई पातीतून धावत आली, तिने खुरपं फेकलं आणि किशनरावांचं डोकं मांडीवर घेतलं. सगळ्या रानात फक्त महारुद्रचं रडणं आणि शिव्या ऐकू येत होत्या.

किशनराव परभणीच्या वाटेवर जीपमध्येच गेले. बजरंगचा पाय वाचला, पण गुडघा वाकेना झाला. आता तो तुरुंगात तसाच लंगडत असतो. महारुद्र जामिनावर सुटला आणि पुण्याकडे निघून गेला. सरकारी मोजणी झाली, धुऱ्यावर सिमेंटचे खांब आले. दगड कुणीतरी बाभळीच्या बुडाशी लोटून दिला. गाव म्हणालं, बाईच्या गाण्याने दोन घरं बुडवली. त्यानंतर खुरपायला तिला कुणी बोलावेना. बोलावलंच तर ती असलेल्या पातीत कुणी गाणं धरत नसे.

पुढच्या वर्षी सोयाबीन गुडघ्याला लागलं तेव्हा ती आपल्या रानात एकटीच खुरपत होती. धुऱ्यापलीकडे सुलाबाई एकटी खुरपत होती. वर्षभरात दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. पुढे सरकत सरकत दोघी एकाच वेळी बाभळीपाशी आल्या.

दगडाच्या कडेला हरळीचा एक पांढरा कोंभ बाहेर आला होता. धुरपताबाईचा हात आपसूक गेला. तिने दगड एका बाजूने हळूच उचलला आणि खाली पाहिलं. पाहत राहिली. तिचं खुरपं थांबलं, तसं पलीकडचंही थांबलं.

"काय हाय गं तिथं?" सुलाबाईने विचारलं.

आवाज तोच होता, गाण्यात सगळ्यांच्या वर लागायचा तो. त्यात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

धुरपताबाईच्या ओठांपर्यंत सगळं आलं होतं.

"काय न्हाई, आक्का," ती म्हणाली. "दगड हाय नुसता."

आणि खाली कुणी चिरडणार नाही इतक्या बेताने तिने तो होता तसा ठेवून दिला.