खो-खोचा खांब आणि नीलाताईंची गादी

मित्रांनो, गोष्ट सांगण्याआधी तिच्यातून कोणाला काय मिळणार होतं ते सांगून टाकतो. एका जागी उभं राहून माणसं बघत राहिलं की अशी आकडेमोड करायची सवयच लागते.

जान्हवीला मुंबई उपनगरच्या कुमारी संघाची जर्सी मिळणार होती. ती राज्य स्पर्धेत खेळली असती तर दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळाले असते, आणि त्या गुणांवर तिच्या आईचा, नीलाताईंचा डोळा होता. आमचे प्रशिक्षक दशरथ सर यांना मंडळाच्या फलकावर एक नवीन नाव हवं होतं. कित्येक वर्षं जुनीच नावं पुन्हा पुन्हा रंगवून फलक नवा दाखवला जात होता. मंडळाच्या अध्यक्षांना पेपरात फोटो मिळणार होता, खेळाडूच्या शेजारी किंवा जमल्यास खेळाडूच्या पुढे उभं राहून. राहिलो मी. मला खंडेनवमीला झेंडूचा हार मिळतो. तो तसाही मिळालाच असता.

मी एक जुना खांब आहे. बोरिवली पूर्वेला दोन टॉवरच्या मध्ये खो-खोचं एक मैदान अजून तग धरून आहे, त्याच्या एका टोकाला मी. दुसऱ्या टोकाला माझा जुळा भाऊ. मालाडच्या एका वखारीत एकाच ओंडक्यातून आम्ही दोघे निघालो. सुताराने आम्हाला लेथवर फिरवून गोल केलं, काचपेपरने इतकं घासलं की गालावर धरावं, आणि नेऊन मातीत पुरलं. तेव्हापासून आम्ही एकमेकांकडे लांबून बघत उभे आहोत. नातेवाइकांमध्ये एवढं अंतर असलेलं बरंच असतं.

तुम्ही खो-खो खेळला असाल तर आमचं महत्त्व तुम्हाला ठाऊक आहे. पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी, म्हणजे बसलेल्या गड्यांची रांग, ओलांडता येत नाही. पलीकडे जायचं तर खांबाला वळसा घालावा लागतो. म्हणून पळणारा कितीही हुलकावण्या देवो, खेळ फिरून आमच्यापाशी येतो. पळणारा खांबाच्या आडोशाला असला की पाठलाग करणारा एका हाताने मला धरतो, अंग बाहेर झोकून देतो आणि दुसऱ्या हाताने गडी मारतो. याला खांबावरचा सूर म्हणतात. टाळ्या सगळ्या त्याला. मी फक्त धरून ठेवतो.

डोळ्यांपेक्षा माझा भरवसा तळहातांच्या ओळखीवर. कोण घाबरत आला, कोण नुसता दाखवायला आला, कोणाचं लक्ष प्रेक्षकांत बसलेल्या कोणाकडे आहे, हे मला तळहात टेकताच कळतं. अध्यक्षांचाही तळहात मी ओळखतो. ते भाषण करताना माझ्यावर रेलतात.

जान्हवीचा हात माझ्यावर पहिल्यांदा पडला तेव्हा ती जेमतेम माझ्या उंचीची होती. तिचं शरीर म्हणजे नीट चाललेलं घर होतं, कोणाला ओरडून काही सांगावं लागत नव्हतं. खांब जवळ आला की पावलं आपली आपण आखूड व्हायची, कंबर खाली बसायची, आतला हात मागे न बघता मला शोधायचा, आणि मग सगळं वजन माझ्या हवाली करून ती फिरायची. डोळे सबंध वेळ पळणाऱ्या मुलीवर. माझ्याकडे ती कधी बघायचीच नाही. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. ज्या खेळाडूला खांबाकडे बघावं लागतं, त्याचा गडी तेवढ्यात पळालेला असतो.

मग एके दिवशी मैदानावर पाणी जरा जास्त मारलं गेलं. तिचा पाय सटकला आणि ती तोंडघशी माझ्यावर आली. पुढच्या दाताचा टवका उडाला. आळ माझ्यावर आला. मी जागचा हललो नव्हतो, पण जो हलत नाही त्याच्यावर आळ घेणं सोपं असतं.

नीलाताई घरी पडद्यांचं आणि सोफा कव्हरांचं शिवणकाम करतात. आठवड्याभराने त्या जान्हवीला घेऊन मैदानावर आल्या, आणि सोबत माझ्या मापाची एक गादी आणली. आत सोफ्याचा स्पंज, वर जाड रेक्झिन, मागे वेलक्रो. शिवण इतकी सुबक की वाकडं बोलायची सोय नाही. मातीपासून डोक्यापर्यंत त्यांनी मला गुंडाळलं आणि सरांना सांगितलं, ही गादी असेल तर मुलगी येईल, नसेल तर येणार नाही.

सर मूळचे कुडाळचे. त्यांनी गादी दाबून बघितली आणि "बरी आसा" एवढंच म्हटलं. ती बरी नाही हे त्यांना त्याच क्षणी कळलं होतं, मला त्यांचा अंगठा सांगत होता. पण गादीला नको म्हणावं तर जान्हवी जाणार, आणि फलक पुन्हा जुन्या नावांनी रंगवावा लागणार. सरांनी वेलक्रो नीट दाबून बसवला. मंडळाने तर नीलाताईंना शाल-श्रीफळ दिलं. अध्यक्ष बोलले, अर्थात माझ्यावर रेलून. त्या दिवशी त्यांना फारच आरामशीर वाटलं.

जान्हवीची भीती गेली हे खरं. ती पुन्हा बेधडक सूर मारू लागली, लोक पुन्हा टाळ्या देऊ लागले. पण मला तिचा तळहात लागेना. रेक्झिनवर तो मोठा उघडून पडायचा, उशिरा मिटायचा. पुढे पुढे तर ती पंजाने धरायचं सोडून कोपराने मिठी मारू लागली. शरीर भाबडं असतं, मित्रांनो. त्याला चूक-बरोबर कळत नाही. जे रोज करून घ्याल ते ते पाठ करतं.

माझंही काही बरं चाललं नव्हतं. मैदानावर रोज पाणी मारतात. स्पंज ते पिऊन बसायचा आणि माझे पाय ओले ठेवायचा. वरून मी नवरदेवासारखा दिसत होतो.

अशात निवड चाचणीची तारीख आली. चाचणी यंदा आमच्याच मैदानावर, आणि खांब नियमाप्रमाणे उघडे. निवड समितीतली कुजबुजही येऊन पोचली की या मंडळातून फार तर एक मुलगी घेतील. सगळे धरून चालले होते की ती श्वेता असणार. श्वेता आमची कर्णधार. पळण्यात तिचा हात धरणारी उपनगरात नव्हती, आणि कुमारी गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. सरांना मात्र वाटत होतं की खांबावर खेळणारी मुलगी दुर्मिळ असते, समिती तीच शोधत असेल. म्हणून त्यांनी मन घट्ट करून गादी काढली आणि जान्हवीबरोबर घरी पाठवली.

पहिल्याच सरावात जान्हवीचा हात माझ्या जागी न पडता माझ्या अलीकडेच पडला. पंजा मिटला तो हवेवर. ती लांब फेकली गेली. पुढच्या वेळी तिने माझ्याकडे बघून धरलं, तेवढ्यात श्वेता निघून गेली, आणि जाता जाता म्हणाली, "काय गं, खांब बारीक झाला की तू जाडी झालीस?"

सगळ्या हसल्या. जान्हवीही हसली, पण त्यानंतर माझ्याकडे येताना तिची पावलं आधीच मंदावू लागली. नीट चाललेल्या घरात डोळे आगाऊ पाहुण्यासारखे शिरले होते आणि प्रत्येकाला काम सांगत होते. पाय गोंधळले, कंबर ताठ झाली, हाताचा विश्वास उडाला. घरी जाऊन ती आईला म्हणाली की मी खेळ विसरले. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, कारण नीलाताई गादी काखेत घेऊन मैदानावर आल्या.

सरांनी समजवायला सुरुवात केली, पण ताई ऐकेनात.

"सर, दात तुमचा नव्हता गेला."

सरांनी ओठ वर करून दाढेची मोकळी जागा दाखवली. "दोन गेले. ह्याच खांबावर."

मित्रांनो, हे साफ खोटं. सरांचे दात सुपारीने गेले. पण मी कशाला बोलू?

नीलाताई जरा नरमल्या. सर म्हणाले, "ताई, गादी चांगलीच आहे. पण तिच्या हाताला आता गादीच पाठ झाली. खांब पुन्हा पाठ करायला हवा."

"आणि त्याला किती दात लागतील?"

"एकपण नाय. तुम्ही खांबामागे उभ्या राहिलात तर."

ताईंना वाटलं गंमत करताहेत. पण सरांनी त्यांची गादी भिंतीशी ठेवली, जान्हवीच्या डोळ्यांवर श्वेताची ओढणी बांधली, आणि तिला माझ्याकडे सावकाश चालत यायला लावलं. हात पुढे, धर, सोड, पुन्हा ये. मग तसंच हळू पळत. मग ओढणी सोडली आणि नीलाताईंना माझ्या पलीकडे उभं केलं. जान्हवीने आईकडे बघत यायचं, वळायचं, आईला मारायचं आणि हे सगळं करताना बोलत राहायचं. तिची नजर घसरली की सर ओरडायचे, "खांबाक काय बघतंस गो? तो खंय पळान जाताहा?"

काय बोलू, असं तिने विचारलं. सर म्हणाले, डब्यात काय होतं ते सांग.

"भेंडीची भाजी," ती धावता धावता म्हणाली. "पोळ्या. लोणचं." पावलं आखूड झाली. "आणि आई, भाजीत मीठ जास्त होतं." हे म्हणताना तिचा पंजा माझ्यावर नेमका मिटला, अंग बाहेर गेलं, आणि आईच्या पाठीवर सणसणीत थाप बसली. नीलाताई चप्पल सोडून पळायच्या तयारीत होत्या. त्या मिठावरून भांडत राहिल्या, सूर केव्हा झाला ते दोघींनाही कळलं नाही. माझ्या अंगावर मात्र कित्येक महिन्यांनी तो जुना तळहात आला होता.

दुसऱ्या दिवशी ताईंनी स्वतः मला काचपेपर मारला, तेल चोळलं, कुठे लाकडाची टोचरी कूस राहिली नाही ना ते गाल लावून बघितलं. मी चकाकू लागलो. पायाशी वाकून मात्र कोणी बघितलं नाही.

आईला पकडणं सोपं. खरा सराव हवा तर समोर श्वेता हवी. सरांनी तिला विचारलं तेव्हा त्यांना थोडी लाजही वाटली, कारण जागा एकच होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. श्वेताने त्यांच्या पोटाकडे बघून म्हटलं, "मी नाही धावले तर काय तुम्ही धावणार?" आणि ती रोज धावली. तिची एक हुलकावणी होती. डावा खांदा टाकायचा आणि उजवीकडे सटकायचं. त्या खांद्याने तिने उपनगरातल्या अर्ध्या मुली फसवल्या होत्या. पण जान्हवीचे डोळे आता माझ्यातून मोकळे झाले होते. सरांनी तिला सांगितलं, खांदा खोटं बोलतो, कंबर बघ. कंबर वळल्याशिवाय माणूस वळत नाही. श्वेता हे ऐकत होती. ऐकूनही ती रोज आली.

चाचणीच्या दिवशी दोघी वेगवेगळ्या संघांत पडल्या. श्वेता पळत होती आणि कोणाच्या हाती लागत नव्हती. समितीतल्या बाईंनी पेन बाजूला ठेवून तिच्याकडेच बघायला घेतलं होतं. मग जान्हवीला खो मिळाला. श्वेता माझ्या आडोशाला आली. डावा खांदा पडला.

जान्हवी खांद्यावर गेली नाही. तिची पावलं आखूड झाली, हात न बघता माझ्यावर मिटला, आणि तिने सगळं वजन उजवीकडे झोकून दिलं. इतक्या विश्वासाने वजन माझ्यावर कोणी टाकलं नव्हतं. बोटं श्वेताच्या पाठीला लागली, पंचांची शिट्टी झाली, आणि मग मी पायाशी काडकन मोडलो.

जान्हवी माझ्यासकट पडली. पण पडतानाही शरीर गडबडलं नाही. हनुवटी आत, खांदा खाली, एक कोलांटी, आणि ती उभी. नीलाताई धावत आल्या आणि त्यांनी पहिल्यांदा तिचे दात बघितले. मग त्या माझ्या बुंध्याशी बसल्या. लाकूड काळं पडलं होतं, बोटाने दाबलं तरी पाणी येत होतं. त्यांनी भिंतीशी ठेवलेली गादी उचलली आणि घरी नेली.

संध्याकाळी नावं लागली. जान्हवी होती. श्वेता नव्हती. दोघी येऊन माझ्या आडव्या अंगावर बसल्या.

"माझीच कंबर फुटीर निघाली," श्वेता म्हणाली. "पेढे आणलेस तर दोन घेणार."

आता मी भिंतीशी पडून असतो. माझ्या जागी नवा खांब आला आहे, आणि आठवड्यातून एकदा नीलाताई येऊन त्याच्या पायाशी माती खरवडून बघतात. मित्रांनो, एवढंच तुम्हालाही सांगायचं आहे. आम्हाला गुंडाळून ठेवू नका, आम्हाला वारा लागू द्या. वर तेल लावलंत तर एकदा खालीही वाका. आणि हार घालताना, सराव कोणाच्या पाठीमागे धावून झाला तेही आठवा.

जान्हवीला जर्सी मिळाली, नीलाताईंना गुण मिळतील, सरांना फलकावर नाव मिळालं, अध्यक्षांना फोटो. मी मोडलो, पण मी लाकूड आहे आणि तसाही कुजलो होतो. त्यामुळे मला या हिशेबात धरू नका.

राज्य स्पर्धा जवळ आली आहे. जान्हवीला सराव हवा. आज संध्याकाळीही नव्या खांबाच्या आडोशाला श्वेताच उभी राहिली, डावा खांदा टाकून.