आठवडाभरात होणारा हौद

त्या दिवशी चष्म्याचं दुकान लवकर बंद करून तो घरी आला, कारण घरामागच्या जागेत पोहण्याचा हौद करायचा होता आणि माप घ्यायला कंत्राटदार येणार होता. हौद बायकोसाठी. लग्नाआधी ती शर्यतींत पोहायची. आता शाळेत गणित शिकवायची, आणि खडू धरून खांदा आखडला की म्हणायची, याला पाणीच हवं. त्याला स्वतःला पोहता येत नव्हतं. तरी ही कल्पना त्याचीच होती आणि त्याचा त्याला जरा तोराही होता.

दार तिनं उघडलं. बाहेरच्या उंच माणसाकडे क्षणभर बघून ती म्हणाली, "बदक?"

कंत्राटदार हसला. दोघं एकाच तलावात, एकाच गुरुजींच्या शिट्ट्या ऐकत वाढलेले. तो हात आपटत पोहायचा म्हणून बदक. हे नाव बायकोच्या तोंडून नवऱ्यानं कधी ऐकलं नव्हतं. त्याला स्वतःला तर तिनं इतक्या वर्षांत टोपणनावही ठेवलं नव्हतं, हे त्याच्या तेव्हाच लक्षात आलं.

मग मागच्या जागेत माप सुरू झालं. ती दोघं उडी, वळणं, गुरुजींचा तिरसटपणा यांवर बोलत होती, आणि नवरा टेपचं एक टोक धरून भिंतीशी उभा होता. कंत्राटदारानं तीन प्रकार समजावून सांगितले. खड्ड्यात जाड प्लॅस्टिकचं अस्तर लावायचं, ते स्वस्त, पण काही टोचलं की फाटतं. फायबरचा तयार हौद आणून खड्ड्यात बसवायचा, तो गुळगुळीत आणि टिकाऊ, पण ट्रकवर मावेल आणि गल्लीत वळेल एवढाच. किंवा काँक्रीटचा, हव्या त्या आकाराचा.

"काँक्रीटच करा," कंत्राटदार म्हणाला. "भिंतीच्या कडेनं, अरुंद आणि लांब. हिला चार हातांत काठ लागला तर चिडेल."

'हिला' हा शब्द नवऱ्याच्या जिव्हारी लागला. काँक्रीटला किती दिवस लागतील, असं त्यानं विचारलं.

"तीन महिने धरा. खोदाई, सळ्या, मग ते मुरायला हवं, मग टाइल्स. काळजी करू नका, मी स्वतः रोज येईन."

"आणि फायबरचा?"

"तो काय, आठवडाभरात."

नवऱ्याचं तिथंच ठरलं.

जेवताना त्यानं फायबरची बाजू अशी मांडली की दुकानात महागडी फ्रेमही त्यानं कधी इतक्या कळकळीनं विकली नसेल. पाय खरचटत नाहीत, शेवाळ कमी धरतं, औषध कमी लागतं. यातलं काहीच खोटं नव्हतं. बायकोनं फक्त लांबी विचारली. घरच्यापुरती पुष्कळ आहे, तो म्हणाला. ती "बरं" म्हणून ताटं उचलू लागली.

ती आत गेल्यावर त्याची आई म्हणाली, "हौद आठवड्यात होईल रे. तुझी पोटदुखी कधी जाणार?"

तो हात धुवायला उठला.

क्रेननं निळा हौद छपरावरून अलगद पलीकडे उतरवला तेव्हा सगळी गल्ली माना वर करून बघत होती. बोलल्याप्रमाणे आठवडाभरात काम उरकलं. कंत्राटदार दोनदाच आला, आणि दोन्ही वेळा ती शाळेत होती. नवरा खुशीत होता.

मग ती पाण्यात उतरली. भिंतीला पाय रेटून निघाली, चार हात मारले, आणि समोर काठ. वळली, चार हात, पुन्हा काठ. थोड्या वेळानं ती वर येऊन पायरीवर बसली. "छान आहे," एवढंच म्हणाली.

त्यानंतर हौदात तिचे फक्त पाय दिसायचे. काठावर बसून ती वह्या तपासायची. पोहायला मात्र शाळेआधी गावच्या सार्वजनिक तलावावर जाऊ लागली. ओल्या केसांनी, ताज्या चेहऱ्यानं ती परत यायची. आता नवऱ्याला त्या तलावाचा, तिथल्या शिट्टीवाल्याचा, तिच्या शेजारून पोहणाऱ्या अनोळखी माणसांचा हेवा वाटू लागला. एका बदकाला हाकलायला गेला आणि सगळं तळं अंगावर घेऊन बसला.

शेवटी एका सुट्टीच्या दुपारी तो तिच्याशेजारी पाण्यात पाय सोडून बसला.

"तुझं आणि बदकाचं काही होतं का?"

तिनं पेनला टोपण लावलं. "मला तो आवडायचा. चांगली दोन वर्षं."

"आणि त्याला?"

"त्याला माझी मैत्रीण आवडायची. निरोप मी पोचवायचे."

नवऱ्याला हायसं वाटायला हवं होतं. उलट तो भडकला. तू समोर असताना? त्या माणसाला काही दिसत होतं की नाही? ती हसली. कितीतरी दिवसांनी ती अशी हसत होती. मग हसू ओसरलं.

"हौद माझ्यासाठी होता ना? मग मला सरळ विचारायचंस. तू त्याला टाळलंस, आणि माझे हात आखूड केलेस."

चुकलो, असं तो म्हणाला. ती म्हणाली, हो, चुकलास.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकानातून कंत्राटदाराला फोन केला. हौद छोटा पडला, हे त्यानं कबूल केलं. पलीकडचा माणूस हसला नाही. कमरेला बांधायचा एक रबरी पट्टा मिळतो, तो म्हणाला; त्याचं दुसरं टोक काठाच्या कडीला अडकवलं की जागच्या जागी हवं तेवढं पोहता येतं. लांब तलावाची मजा नाही, पण काठ लागत नाही. कडी बसवायला कधी येऊ? ती घरी असेल तेव्हा या, नवरा म्हणाला.

कडी बसली. तिनं पट्टा बांधला, दोन-चारदा धडपडली, वैतागली, आणि मग लय सापडली. पट्टा ताणला गेला आणि ती काठाकडे न जाता हात मारत राहिली. दोघं पुरुष काठावर उभे होते.

"अजून तसंच," कंत्राटदार हळूच म्हणाला. "डावा खांदा आधी उचलते."

नवऱ्याला हे माहीत नव्हतं. चहाचं निमित्त काढून याला आत न्यावं, असं त्याच्या मनात आलं. पण तो हलला नाही. उडणाऱ्या पाण्यात तिचा डावा खांदा नीट दिसेपर्यंत तो बघत राहिला.