भट्टीत सांडलेलं तूप

मित्रांनो, मी घोडपदेवच्या एका गल्लीतली जुनी भट्टी आहे. किती जुनी ते विचारू नका, माझ्या विटा सिपोराताई पेणकरांच्या आजोबांनी रचल्या. पूर्वी मी लाकडं खायची, आता गॅस. पेटवतात मात्र सिपोराताई स्वतःच. दुसऱ्या कुणी काडी लावलेली त्यांना चालत नाही.

मी साधीसुधी नव्हे, कोशेर भट्टी आहे! ताई बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले यहुदी. त्यांच्या धर्माच्या नियमांत बसतं ते कोशेर. मैदा दोनदा चाळायचा. अंडं एकेक करून पेल्यात फोडायचं, रक्ताचा ठिपका दिसला की फेकायचं. मळलेल्या पिठातला लिंबाएवढा गोळा देवाचा वाटा म्हणून माझ्यात जाळायचा. मटणाबरोबर दूध खात नाहीत, म्हणून पावात दूध नाही, लोणी नाही. ताईंचे वाडवडील तेलाचे घाणे चालवायचे, तेव्हा पावालाही तेलाचाच हात. शुक्रवारी दिवस मावळला की शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस लागतो आणि शनिवारभर मी गार.

आता यहुदी घरं थोडी उरली, पण शुक्रवारी वेणीसारख्या वळलेल्या पावासाठी शीवपासून माणसं येतात. पावात काय आहे असं कुणी विचारलं, तर ताई त्याला थेट आत आणून दाखवतात. ठाकूरद्वारची सुमेधाही अशीच आली. तिच्या सहा वर्षांच्या मनूला दूध सोसत नाही, घसा सुजतो. त्याला निर्धास्त देता येईल असा पाव तिला इथे मिळाला. तेव्हापासून माझी मिजास काय विचारता!

तर दिवाळीआधीचा शुक्रवार. पीठ मळणारी सुभद्रा पहाटेच आली, हातात नानकटाईचा पत्रा. दिवाळीत गल्लोगल्ली घरची नानकटाई भट्टीवर भाजायला जाते, तुम्हाला ठाऊकच आहे. बारा वर्षं सुभद्राने शेजारणींना नाही म्हणून सांगितलं. पण यंदा लेकीचा दिवाळसण! दूध नको, लोणी नको हे तिला पाठ होतं. तूप मात्र तिच्या मते दूध नव्हतंच. देवाच्या निरांजनात घालतात ते तूप, त्याने काय बाटणार? ताई वरच्या मजल्यावर घरी गेल्या असताना तिने पत्रा माझ्यात सरकवला. तूप पाझरून माझ्या विटांवर पसरलं आणि मग त्याच विटांवर साठ पाव भाजले. मला सगळं कळत होतं आणि मी नुसती धगधगत होते. फार घाबरले होते मी.

अकराला रांग लागली. सुमेधा कुणाला तरी सांगत होती, मागे एका लग्नात तुपाचं बोट लागलं आणि मनूला इस्पितळात न्यावं लागलं. सुभद्राचा चेहरा पांढराफटक पडला. मनूच्या हातात पाव आला, त्याने तुकडाही तोडला.

"नको रे बाबा, खाऊ नको!" सुभद्राने तो हिसकावला. "ताई, सकाळी मी माझी नानकटाई भाजली आत. तुपाची. माझं चुकलं."

सुभद्राला वाटलं, नोकरी गेली.

ताईंनी मनूच्या हातातला तुकडाही काढून घेतला. मग म्हणाल्या, "बरं झालं बोललीस. आता रड नंतर, आधी मैदा चाळ."

साठच्या साठ पाव गल्लीत फुकट वाटले, तूप लागलंय असं बजावून. तुपाचा अंशही जळून जावा म्हणून ताईंनी मला रिकामं करून असं पेटवलं, की माझ्या विटा लालबुंद झाल्या! ओटा, परात सगळं घासलं. दुपार सरत होती, सूर्य काही आमच्यासाठी थांबणार नव्हता. रांगेतले कुणी घरी गेले नाहीत. बाकड्यावर बसून घड्याळाकडे बघत राहिले. पीठ फुगलं, वेण्या वळल्या, आणि दिवस मावळायला तास असताना नवा पाव बाहेर आला. काय तो वास, मित्रांनो!

पहिला पाव मनूला. सुमेधाने तो ताईंकडून घेतला नाही. ती सुभद्रासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही द्या."

सुभद्राने पदराला हात पुसून तो दिला. मनूने तिथेच अर्धा संपवला.

मित्रांनो, माझी काजळी काढा, विटांची डागडुजी करा, मला हवंच आहे. पण त्याहून मोठी काळजी एक आहे. माझ्या आत काय गेलं, ते मला सांगता येत नाही. ते तुम्हीच सांगायचं, आणि घास कुणाच्या तोंडात जायच्या आधी सांगायचं.