सुहासिनी, दारव्हा रोड

दारव्हा रोडवरच्या त्या शेतघराच्या फाटकाला नीळकंठरावांनी संगमरवरी पाटी लावली होती: 'सुहासिनी'. जिच्या नावाची पाटी, ती बायको घर घेतल्याच्या दुसऱ्याच वर्षी गेली. पाटी राहिली. संगमरवराला ते बरं जमतं.

तेव्हापासून त्यांची एकच इच्छा होती, कोणाच्या तरी तोंडून ते नाव ऐकू यावं. मुलगा अनिकेत पुण्याहून फोन करी, पण तो 'आई' म्हणे. आणि गाव त्या घराला 'पूनमसिंगचं घर' म्हणे. सिलिंडरवाला, लाइनमन, मतं मागणारे, सगळे पूनमसिंगच्या घरी येत आणि नीळकंठरावांना भेटून जात.

घर त्यांना विकून तांड्यात परत गेलेला पूनमसिंग एकदा सहज चहाला आला, तेव्हा त्यांनी त्यालाच धरलं.

"पूनमसिंगभाऊ, घर माझं होऊन किती वर्षं झाली! तुमचं नाव काही सुटत नाही."

"माह्या हातात हाय का सायेब? मी राहो तवा लोक याले बाबारावचं घर म्हणत. बाबाराव तं बांधून अमरावतीले गेलता. मी भांडलोबी लोकायसंग. मंग करमे ना म्हणून इकलं, अन् लगेच माह्यं झालं!"

"म्हणजे मी गेलो की माझं होईल?"

"नुसतं जाऊन नाई होत. मागं कोणी राहाले आलं पाह्यजे. नाई तं माह्यंच राहीन."

मागं कोण येणार? अनिकेत एकदाच मुक्कामाला आला होता, तोही रेंज शोधत गच्चीवर राहिला.

"मग सुहासिनी कोण म्हणणार?" नीळकंठरावांचा आवाज जरा मोठाच निघाला.

पूनमसिंगने खिशातून फोन काढला, स्पीकरवर टाकला आणि जीप चालवणाऱ्या पुतण्याला लावला. एरवी दोघं गोरमाटीत, आपल्या बंजारा बोलीत, बोलत. आज त्याने मुद्दाम मराठी धरली.

"बादल, मले न्याले ये रे. सुहासिनीबाईच्या घरी हाय मी."

"कोनाच्या?"

"सुहासिनीबाईच्या. दारव्हा रोडवर."

"तिकडं कोनी बाई राह्यत नाई, काका. कोठी जाऊन बसला तू?"

नीळकंठराव चहाचे कप गोळा करू लागले. दोनच होते, तरी वेळ लागला.

"सांग ना, कोठी येऊ?"

पूनमसिंगने त्यांच्याकडे पाठ केली.

"माह्या घरी," तो हळूच म्हणाला.

"मंग तसं सांग ना!"

जीप न चुकता आली.