हवेतला बॅटन

चष्मेवाल्याने आयुष्यात काढलेला एकमेव बरा फोटो त्याच्याच घरातल्या दोन बायकांचा होता. इथेच तो फसला.

गल्ल्यागल्ल्यांच्या वार्षिक स्पर्धा, शाळेचं मैदान, बायकांची रिले. तिसरा टप्पा त्याच्या बायकोचा, शेवटचा वहिनीचा. बायको बॅटन घेऊन जीव तोडून येत होती, वहिनी हात मागे करून पुढे निघाली होती, गल्ली चांगली आघाडीवर होती. आणि बॅटन पडला. पडला म्हणजे अजून पडायचा होता, तेवढ्यात चष्मेवाल्याने बटण दाबलं. एका हातातून सुटलेला आणि दुसऱ्या हातात न पोचलेला बॅटन हवेत आडवा. दोन्ही हातांची बोटं पसरलेली. वहिनीचे दोन्ही पाय जमिनीपासून वर. आणि मागून येणारी बायको थेट कॅमेऱ्यात बघतेय, डोळे असे लख्ख की वाटावं, बाकी सगळं मैदान त्या डोळ्यांसाठीच आखलंय.

गल्ली हरली. हरलेल्यांच्या घोळक्यात उभं राहून हसू नये एवढी अक्कल चष्मेवाल्याला होती, म्हणून कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो बघून तो पाठ फिरवून हसला.

गावात हौशी लोकांचं एक फोटोमंडळ होतं. वर्षातून एकदा ते वाचनालयाच्या वरच्या खोलीत प्रदर्शन भरवायचं, प्रत्येक सभासदाचा एकच फोटो, तोही निवडला गेला तर. चष्मेवाला जुना सभासद. दरवर्षी त्याचा फोटो ‘प्रयत्न चांगला’ असं ऐकून परत यायचा, आणि दरवर्षी दुसऱ्यांच्या फोटोंसाठी खिळे मात्र तोच ठोकायचा, कारण त्याचा हात सरळ होता. यंदा स्वतःच्या फोटोसाठी एक खिळा ठोकायचा, एवढीच त्याची इच्छा. निवड गुरुवारी होती. त्याआधी कोणीतरी फोटो नीट बघून खरं काय ते सांगावं असं त्याला वाटत होतं. खोटं कौतुक नको होतं. म्हणजे चाललं असतं, पण नुसतं तेवढंच नको होतं.

रविवारी सगळे दादाकडे जेवायला जमले. दादा विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासायचा, त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की ती कुठे मोडली आहे हे तो आधी बघायचा. फोटो आता चष्मेवाल्याच्या फोनमध्ये होता; दादाने तो फोन घेतला आणि दोन बोटांनी फोटो मोठा करत नेला, इतका की स्क्रीनवर नुसता बॅटन आणि दोन हात उरले.

“देणाऱ्याचा अंगठा उघडलाय,” तो म्हणाला. “घेणाऱ्याची बोटं अजून मिटलेली नाहीत. म्हणजे जबाबदारी...” त्याने एकदा स्वतःच्या बायकोकडे बघितलं आणि वाक्य सुखरूप पलीकडे नेलं. “देणाऱ्याची.”

“दादा, जबाबदारी राहू दे. फोटो कसा आलाय?”

“स्पष्ट आलाय. असे पुरावे आणले तर लोकांचे दावे एका दिवसात निकालात निघतील.”

वहिनीने फोन ओढून घेतला. “भावोजी, माझी हनुवटी खरंच अशी आहे?”

“धावताना सगळ्यांचीच तशी होते, वहिनी.”

“हिची नाही झाली. ही बघा, स्टुडिओत बसल्यासारखी आलीय.”

“हां, तेच म्हणतोय मी. डोळे बघा ना. डोळ्यांबद्दल काहीतरी बोला.”

“डोळे चांगलेच आहेत तिचे,” वहिनी म्हणाली. “हाताचं म्हणाल तर वेगळं.”

फोन आईकडे गेला. तिने तो लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाली, “मला दोघी ओळखू आल्या. छान आहे हो.” मग परत देताना, “पण धाकट्या, हिने जरा घट्ट धरला असता तर.”

बायको ताटं गोळा करत होती. स्पर्धा होऊन आठवडा झाला होता. या आठवड्यात वहिनी तिला रोज फोन करून मोठ्या मनाने माफ करत होती, आणि माफी अशी वस्तू आहे की ती रोज मिळायला लागली की घेणाऱ्याच्या घरात जागा उरत नाही.  बायकोने एकात एक ताटं रचली, त्यांचा आवाज जरा जास्त झाला.

सोमवारपासून चष्मेवाल्याने दुकानात विचारायला सुरुवात केली. एक फोटो अख्खा, एक कडेने कापलेला, दोन्ही शेजारी ठेवून तो डोळे तपासायला आलेल्या माणसाला खुर्चीतच विचारायचा, “हा बरा, की हा?”

“दोन्ही पुसट,” बसचा ड्रायव्हर म्हणाला.

“थांबा, तुमची भिंगं घालायचीत अजून.”

भिंगं घातल्यावर ड्रायव्हरने निरखून बघितलं. “ही पुढची, हिरव्या शर्टातली, हिने मागे बघायला हवं होतं.”

“ते सोडा. दोनांतला बरा कुठला?”

“दोन्हीत तिने मागे बघितलेलं नाही.”

नंतर आलेल्या एका बाईंनी सगळा वेळ मागच्या गर्दीत स्वतःला शोधण्यात घालवला, आणि सापडल्यावर त्यांना तेवढाच तुकडा हवा होता. बुधवारपर्यंत अर्ध्या गावाने फोटो बघितला. पडलेल्या बॅटनवर प्रत्येकाचं मत होतं, फोटोवर एकाचंही नव्हतं. चष्मेवाल्याला वाटायला लागलं, आपण यांना खिडकीची काच कशी बसवलीय ते विचारतोय आणि हे सगळे खिडकीबाहेर कोण भांडतंय ते बघतायत.

त्या संध्याकाळी तो स्वयंपाकघरात बायकोच्या मागे जाऊन उभा राहिला. ती भांडी विसळत होती.

“तू तरी सांग. कसा आहे?”

“चांगला आहे.”

“चांगला म्हणजे?”

“म्हणजे वाईट नाही.”

“डोळे काय आलेत तुझे. एवढ्या गडबडीत नेमकी नजर लेन्समध्ये. असं ठरवून होत नाही, नशीब लागतं.”

बायकोने नळ बंद केला. “नशीब,” ती म्हणाली, आणि हात पुसत बाहेर गेली. चष्मेवाल्याला वाटलं, तिला फोटोतलं कळत नाही.

गुरुवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत मंडळ बसलं. प्रमुख होत्या एक्स-रेवाल्या बाई. दिवसभर दवाखान्यात लोकांची हाडं बघून त्यांना सवय अशी झाली होती की कातडीवर त्यांची नजर ठरत नसे. मंडळाचा एक नियम होता. फोटोवर चर्चा चालू असताना ज्याचा फोटो त्याने तोंड उघडायचं नाही. नाहीतर माणसं फोटो दाखवण्याऐवजी समजावून सांगत बसतात, आणि भिंतीवर फोटो जातो, माणूस जात नाही.

चष्मेवाल्याचा फोटो मोठा छापून फळ्यावर लागला. तो मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसला.

“उजवीकडे वरचा कोपरा वाया गेलाय,” बेकरीवाला म्हणाला. तो प्रत्येक फोटोला हेच म्हणायचा. रिकामा ट्रे त्याला बघवत नसे.

“पण क्षण पकडलाय,” कोणीतरी म्हणालं. चष्मेवाल्याचे कान टवकारले.

“पकडलाय कसला, सुटलाय. देणारीने लवकर सोडला.”

“घेणारी लवकर निघाली.”

“तिला निघावंच लागतं. तुम्ही धावलायत का कधी?”

झालं. वरची खोलीसुद्धा दादाचं जेवणघर झाली. बेकरीवाला उठून वहीच्या गुंडाळीने बॅटन कसा द्यायचा ते दाखवायला लागला. चष्मेवाल्याने ओठ इतके दाबून धरले की शेजारच्याने त्याला पाणी हवंय का विचारलं.

एक्स-रेवाल्या बाई तोवर फळ्यापाशी गेल्या होत्या. त्यांनी हातांकडे बघितलंच नाही. त्या बायकोच्या चेहऱ्यासमोर उभ्या राहिल्या, बराच वेळ.

“ही कुठे बघतेय?” त्यांनी विचारलं.

“कॅमेऱ्यात.”

“का?”

बेकरीवाल्याने वहीची गुंडाळी खाली केली.

“जीव खाऊन धावत आलेली बाई, समोरच्या हातात काठी द्यायचा क्षण, आणि ही बाजूला बघते. घाबरून नाही, चुकून नाही. हे बघा, मान सरळ केलीय, हनुवटी जरा खाली घेतलीय. हिला कोणीतरी सांगितलंय बघायला.” त्या वळल्या. “आता बोला तुम्ही. हाक मारलीत?”

चष्मेवाल्याला इतका वेळ बोलायचं होतं. आता पाळी आली, तर प्रश्न भलताच होता. हाक मारल्याचं त्याला आठवत नव्हतं. आठवत होतं एवढंच, की वहिनीच्या खांद्याआड बायकोचा चेहरा जात होता आणि तो जाऊ नये असं वाटलं होतं. मग हळूहळू स्वतःचा आवाज आठवला, मोठा, पण रोजचाच. दुकानात समोरच्याच्या नाकावर फ्रेम ठेवून बुबुळांचं अंतर मोजताना दिवसभर जे म्हणायचा तेच.

“हाक नाही,” तो म्हणाला. “फक्त ‘इकडे बघा’ म्हटलं.”

मंडळ इतकं हसलं की खालून वाचनालयाचा शिपाई वर आला.

“फोटो चांगला आहे,” हसणं ओसरल्यावर बाई म्हणाल्या. “खरंच चांगला आहे. पण खेळाच्या भिंतीवर नाही लावता येणार. खेळाच्या फोटोत जे आपण नसतानाही झालं असतं ते हवं. हे तुमच्यामुळे झालंय. हा तुमच्या बायकोचा फोटो आहे, व्यक्तिचित्रांत लावू. तिथे ज्याचं चित्र त्याची परवानगी लागते. शनिवारी विचारून सांगा.”

एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते खरं मत मिळालं होतं, आणि ते घेऊन घरी जायचं धैर्य होत नव्हतं. चष्मेवाला लांबच्या रस्त्याने गेला. गाव लहान असल्यामुळे तोही लवकर संपला.

“काय म्हणाल्या बाई?” बायकोने दारातच विचारलं.

“म्हणाल्या, मी तुला बघायला सांगितलं म्हणून बॅटन पडला.”

“बरोबर म्हणाल्या.”

“तुला माहीत होतं?”

“मी तिथे होते ना,” बायको म्हणाली. “आणि ‘बघा’ म्हणालात, एरवी मला ‘बघ’ म्हणता. मला वाटलं, दुसरंच कोणीतरी मोठं माणूस सांगतंय.”

“मग इतके दिवस बोलली का नाहीस?”

“तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही फोटो कसा आहे ते विचारलंत. सगळ्या गावाला विचारलंत. मी म्हटलं, एवढा डोळे तपासणारा माणूस, त्याला आपोआप दिसेल.”

त्याने तिथेच उभं राहून दादाकडे फोन लावला आणि आवाज मोठा करून सगळ्यांना सांगितलं.  मग दादा म्हणाला की बाहेरच्या माणसाच्या हस्तक्षेपाने चित्र पूर्ण बदलतं. वहिनी म्हणाली, “म्हणजे माझं तर काहीच चुकलं नव्हतं.” आणि आई म्हणाली, “अरे, तू सांगितलंस म्हणून हिने लगेच बघायचं? एरवी कधी ऐकते तुझं?”

बायकोने त्याच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला. चष्मेवाल्याने परवानगीचं विचारायचं रद्दच करून टाकलं होतं, पण ती स्वतःच म्हणाली, “तो फोटो लागणार आहे का कुठे?”

“तू हो म्हणालीस तर.”

“लावा.”

“खरंच?”

“लावा. तिथे मी आईंना आणते, जाऊबाईंना आणते, अख्खी गल्ली आणते. आणि तुम्ही शेजारी उभे राहायचं. येईल त्याला, तो काही विचारायच्या आत, सांगायचं, काय झालं ते.”

“येईल त्याला?”

“येईल त्याला.”

“प्रदर्शन चार दिवस असतं.”

“मग चार दिवस.”

शनिवारी चष्मेवाल्याने हातोडी आणि खिळ्यांची डबी घेतली आणि होकार कळवायला निघाला. रस्त्यात तो सांगायचं वाक्य जुळवून बघत होता. सुरुवात प्रकाशापासून करून बघितली, गर्दीपासून करून बघितली, वहिनीच्या खांद्यापासूनही. वाचनालयाच्या पायऱ्यांशी बेकरीवाला भेटला आणि म्हणाला, “काय हो, मिळाली परवानगी?”

“माझ्यामुळे पडला तो,” चष्मेवाला म्हणाला, आणि वर गेला.