ऑर्किडकडे रोखलेलं बोट

आमच्या घरातलं ऑर्किड मरत होतं ते प्रेमाने. हे कळायला मला पाच महिने लागले. दिवसभर लोकांचे डोळे तपासून त्यांना चष्मे देणाऱ्या बाईला इतकंही दिसू नये, याची लाज वाटते.

सासऱ्यांना झटका आला तेव्हा वाचा गेली आणि उजवी बाजूही गेली. राहिला तो डावा हात. त्यांची खुर्ची खिडकीशी आणि खिडकीत त्यांचं लाडकं ऑर्किड. दिवसातून चार-पाचदा ते हात उचलून कुंडीकडे बोट रोखायचे. जवळून जाणारा म्हणायचा, "हो बाबा, घालतो पाणी," आणि पेलाभर ओतायचा. सकाळी नवरा, दुपारी नणंद, संध्याकाळी मी. पानं सुरकुतली, मऊ पडली. बिचारं तहानलंय म्हणून आम्ही आणखी ओतलं. बाबांचं बोट काही खाली येईना.

"त्यांना काही कळत नाही गं," एका रविवारी नवरा म्हणाला. "आत्ता पाणी घातलं तरी परत दाखवतात. हो-नाही विचारावं तर मान कशीही हलवतात. शुक्रवारी बाईंना सांगून टाकतो, आता येऊ नका म्हणून."

बाई म्हणजे स्पीच थेरपिस्ट. आठवड्यातून एकदा येऊन त्या बाबांकडून एखादा शब्द निघतो का बघायच्या. त्या बंद झाल्या की बाबांशी बोलायचा प्रयत्न करणारं कुणी उरणार नव्हतं. नवरा हे सगळं बाबांच्या समोर, पेपर चाळत बोलला. माझं डोकंच फिरलं.

दुकानात मी गिऱ्हाइकाला "नीट दिसतंय का?" असं कधी विचारत नाही. माणसं भिडेखातर हो म्हणतात. मी दोन काचा पुढे करते आणि विचारते, "ही बरी की ही?" मग खरं उत्तर मिळतं. बाबांना मात्र आम्ही पाच महिने हो-नाहीच विचारत होतो.

नवरा बाहेर गेल्यावर मी त्यांच्यासमोर स्टूल ओढलं. एका हातात पाण्याचा पेला घेतला, दुसरा रिकामाच पुढे केला. "बाबा, झाडाला हे की हे?"

बोट रिकाम्या हाताकडे गेलं. मी हात बदलले. बोट पुन्हा रिकाम्या हाताकडे.

मी पेला खाली ठेवला. "अहो, म्हणजे पाणी नको म्हणत होतात?"

त्यांनी डोळे मिटले. मी चिनी मातीची शोभेची कुंडी उचलली तर ती चांगलीच जड लागली. आतली प्लॅस्टिकची कुंडी बाहेर काढली, तर तळाशी चार बोटं काळं पाणी. त्या देखण्या कुंडीला भोकच नव्हतं! मुळं सोडवली. तपकिरी मूळ दाबलं की साल हातात यायची आणि आत नुसता दोरा. वास भयंकर होता, पण मला सोडवेना. कात्री स्पिरिटने पुसून सगळं कुजकं कापलं. टणक अशी तीन मुळं उरली.

दुसऱ्या दिवशी रोपवाटिकेतून झाडाच्या सालीचे तुकडे, थोडा कोळसा आणि भोकांच्या दोन पारदर्शक कुंड्या आणल्या, एक मोठी, एक लहान. माझ्या मते मोठीच बरी, ऐसपैस. बाबांनी लहान निवडली.

"योगायोग," दारातून नवरा म्हणाला.

"मग तूच विचार."

त्याने विचारलं. लहान. हात बदलून विचारलं. लहानच. तिसऱ्यांदा त्याने मोठी कुंडी अगदी बाबांच्या नाकाशी धरली. बाबांनी ती बोटाने बाजूला ढकलली. नवरा कुंडी खाली ठेवत म्हणाला, "महिनाभर येऊ देत बाईंना. बघू."

मग झाडाचा कारभार बाबांकडे गेला. रोज सकाळी पेला की रिकामा हात? बहुतेक दिवस रिकामा. सात-आठ दिवसांनी मुळं रुपेरी दिसू लागली की ते पेल्याकडे दाखवायचे. मी मोरीत नेऊन पाणी घालायचे, पूर्ण निथळलं की मगच खिडकीत. नणंदेचा हात आवरता आवरता माझ्या नाकी नऊ आले, ती गोष्ट वेगळी. बाबांनी झाड उन्हापासून दोन वेळा सरकवायला लावलं, दोन्ही वेळा चार इंचांनी.

महिना संपत आला. पानं अजून सुरकुतलेलीच होती, आणि मी मनातून हरले होते. शुक्रवारी सकाळी बाबांनी बोट रोखलं ते पानाकडे नाही, त्याच्या बुंध्याकडे. मी दुकानातलं भिंग लावलं. हिरवंगार टोक असलेलं नवं मूळ बाहेर येत होतं, तांदळाच्या दाण्याएवढं.

मी भिंग नवऱ्याच्या हातात दिलं. तो बराच वेळ वाकून बघत राहिला. मग त्याने बाईंना फोन लावला आणि आठवड्यातून दोनदा याल का, असं विचारलं. फोन ठेवून तो बाबांच्या समोर जमिनीवरच बसला.

"बाबा, आणखी काय काय सांगत होतात तुम्ही?"

बाबांचा हात लगेच वर गेला. बोट टीव्हीकडे होतं. त्यांची करमणूक व्हावी म्हणून सहा महिने आम्ही तो सकाळपासून रात्रीपर्यंत चालू ठेवला होता.

नवऱ्याने उठून तो बंद केला.