मामासांचं पथ्य

धुळ्याच्या प्रकाशचंद मामासांना कापडातलं कळतं, एवढं प्रियल मान्य करायची. बाकीचं त्यांचं ज्ञान मोबाइलमध्ये जन्मलेलं आणि तिथेच नासलेलं. सासूबाईंचे हे थोरले भाऊ पिंप्राळ्याला बहिणीकडे आले की पंख्याखालची खुर्ची धरायचे आणि भाचेसुनेच्या पोटाकडे बघत उपदेश सुरू करायचे.

अकराव्या वर्षापासून प्रियल इन्सुलिन टोचून घेत होती. आपलं शरीर ते बनवतच नाही, हे तिने मामासांना तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्यांनी मेथीदाणे सुचवले. इन्सुलिन बाळाला बाधतं, असंही ठासून सांगितलं. आईची वाढलेली साखर बाळापर्यंत जाते, इन्सुलिन नाही, असं तिने म्हटल्यावर ते हसले. शिकलेल्या सुनांसाठी त्यांनी एक हसू राखून ठेवलं होतं.

सातव्या महिन्यात गोदभराई झाली. वरण-बट्टीचं ताट समोर आलं तशी प्रियलने साखर तपासली, दोन बट्ट्या खायच्या ठरवल्या आणि तेवढ्याचं इन्सुलिन टोचलं. इतक्यात मामासांनी तिचं ताट उचलून आपल्या बाजूला ठेवलं आणि उकडलेल्या दुधीची वाटी पुढे सरकवली. शुगरवाल्यांनी बट्टी खायची नसते, हे त्यांनी साऱ्या घराला ऐकवलं. सुई टोचून झाली आहे, आता खाल्लंच पाहिजे, असं प्रियल सांगत होती. पण ओटी भरायला बायकांची रांग लागली आणि तिला कुणी पाटावरून उठू देईना. सासूबाई सज्जनबाई भावापुढे जन्मात कधी बोलल्या नव्हत्या. आजही त्या ओटीचे तांदूळ मोजत राहिल्या.

थोड्या वेळाने प्रियलचे हात थरथरू लागले, पाठ घामाने भिजली. मीटरवर चोपन्न.

"साखर द्या," ती म्हणाली.

"साखर? तुझ्यासाठी ते विष आहे," मामासा म्हणाले.

तिने त्यांच्याच हातातला गुलाबाच्या सरबताचा ग्लास काढून घेतला आणि एका दमात रिकामा केला. पंधरा मिनिटांनी मीटरने अठ्ठ्याऐंशी दाखवलं, तेव्हा तिने ताट परत ओढलं आणि बट्टी कुस्करली.

"मामासा, सुई मी टोचली आणि जेवण तुम्ही उचललंत. मी बेशुद्ध पडले असते, तर तुम्ही मेथीदाणे शोधत बसला असता."

मामासा जेवायचे थांबले नाहीत. अपमान पचवायलाही त्यांना तूप लागत होतं.

पाहुणे गेल्यावर सज्जनबाई मीटर घेऊन आल्या आणि चोपन्न म्हणजे किती वाईट, ते विचारू लागल्या. प्रियलने कोरडेपणानेच सांगितलं. यांच्याकडून तिची काही अपेक्षा नव्हती. पण दुसऱ्या दिवसापासून सुनेचं ताट वाढून तयार असल्याशिवाय सज्जनबाई तिला सुई काढू देईनात.

अडतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली. टाच टोचून तिची साखर तपासली, ठीक निघाली. लगेच धुळ्याहून मामासांचा फोन आला, बाळाला गुळाचं पाणी चाटवा.

"भाईसा, डॉक्टरांनी फक्त आईचं दूध सांगितलंय," सज्जनबाई म्हणाल्या. "आणि तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं."

फोनमधून बराच वेळ आवाज येत राहिला. प्रियलने कूस बदलली आणि लेकीला पदराखाली घेतलं.